इनाम-सनदांतील शब्द आणि शिकारीची परवानगी

इनाम-सनदांच्या खासगी संग्रहांच्या याद्या चाळतांना एक शेरा पुष्कळदां आढळतो. अमुक गांव 'शिकारीच्या हक्कासह' इनाम दिला, असा तो शेरा असतो. मूळ सनद काढून पाहावी तर तींत शिकार हा शब्दच नसतो. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप ही जी सुपरिचित शब्दमाला सनदेंत येते, तिच्यावरून यादी करणारानें तो हक्क अनुमानानें काढलेला असतो. गांवांतील पाणी, झाडें, गवत आणि भूमिगत द्रव्यहि ज्याला मिळालें, त्याला तेथील हरिण आणि तित्तिर कां मिळूं नयेत, असा हा तर्क आहे. तर्क सरळ दिसतो. परंतु तो बरोबर नाहीं असें आमचें मत आहे. तें कां, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रश्न नुसत्या शब्दार्थाचा नाहीं. दुसऱ्याच्या जमिनींत शिकारीस जावयाचें तर परवानगी कोणाची घ्यावयाची, या प्रश्नाच्या उत्तरावर कुणब्याचें उभें पीक, पारध्याची उपजीविका आणि रानांतील जनावरांचा जीव हीं तिन्ही अवलंबून असत. म्हणून जुन्या कागदांत जें नाहीं तें आपण त्यांत घालूं नये, आणि जें आहे तें नजरेआड होऊं देऊं नये.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिकारीचा हक्क असें आपण एका शब्दांत म्हणतों, पण त्यांत तीन निरनिराळे प्रश्न आहेत. रानांतील मोकळें जनावर कोणाचें, हा पहिला. त्या जमिनींत पाय ठेवण्याचा अधिकार कोणाला आणि मनाई करण्याचा कोणाला, हा दुसरा. मारलेलें जनावर अखेर कोणाच्या मालकीचें होतें, हा तिसरा. या तिहींचीं उत्तरें एकच असतात असा समज करून घेतला म्हणजे घोटाळा सुरू होतो.

आतां सनदेचे शब्द पाहूं. पेशवाईंतील गांव-इनामाच्या सनदेंत साधारणतः असा मजकूर असतो : स्वराज्य व मोगलाई एकूण दुतर्फा, कुलबाब कुलकानू, देखील हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप सहित, खेरीज हक्कदार व इनामदार करून. यांतील पहिला भाग वसुलाचा आहे. कुलबाब कुलकानू म्हणजे सर्व बाबी व सर्व कानू, हल्लींच्या पट्ट्या व पुढें बसतील त्या पट्ट्या. दुसरा भाग जमिनीशीं जडलेल्या वस्तूंचा आहे. शेवटचा भाग वजावटीचा आहे. गांवांत ज्यांचे हक्क पूर्वींपासून चालत आले त्यांना धक्का लागूं नये, असा त्याचा अर्थ.

मधल्या भागांतील सातहि शब्द नीट पाहिले तर त्यांत एक समान गुण दिसतो. पाणी तळ्याविहिरींत आहे, झाड मुळांनीं जखडलेलें आहे, गवत व लांकूड त्याच भूमीचें, दगड खाणींतला, निधि पुरलेला आणि निक्षेप ठेवलेला. यांतील प्रत्येक वस्तु ज्या गांवची त्याच गांवांत राहते. शिवेचा दगड ओलांडून ती पलीकडे जात नाहीं. हरिणाचें तसें नाहीं. तें सकाळीं एका शिवारांत चरतें आणि सायंकाळीं दुसऱ्या शिवारांत पाणी पितें. चतुःसीमा बांधून दिलेल्या दानांत त्याची गणना होणें स्वभावतःच कठीण होतें.

दक्षिणेंतील विजयनगरकालीन दानपत्रांत जे अष्टभोग सांगितले आहेत, तेहि याच जातीचे आहेत. निधि, निक्षेप, जल, पाषाण, अक्षीणि, आगामि, सिद्ध आणि साध्य हे ते आठ. तेथेंहि मृग अथवा मृगया नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, सूत्रमय भाषेंत सर्वच वस्तु सांगितल्या जात नाहींत. चार शब्दांवरून बाकीच्या समजून घ्यावयाच्या असतात. हा आक्षेप विचारांत घेण्याजोगा आहे. त्याचें उत्तर जुन्या ताम्रपटांतच मिळतें. जेथें दात्याला जलचर अथवा वनचर द्यावयाचे होते, तेथें लेखकानें तसें लिहिलें आहे. गाहडवाल राजांच्या दानपत्रांत गांव 'समत्स्याकर' म्हणजे मत्स्यस्थानांसह दिलेला असतो. लोखंडाच्या व मिठाच्या खाणी आणि मोहाआंब्यांचीं वनें हींहि त्यांत वेगळीं सांगितलेलीं असतात. ओरिसाकडील सोमवंशी राजांच्या लेखांत तर हस्तिदंत, व्याघ्रचर्म आणि नाना वनचर यांसह गांव दिल्याचा उल्लेख येतो. म्हणजे वनचरांचा उल्लेख करण्यास शब्द होते, ते वापरण्याची रीतहि होती. ज्या दानपत्रांत ते नाहींत, तेथें ते गृहीत धरण्यास आधार नाहीं.

मात्र या मौनाचा उलट अर्थहि काढतां येत नाहीं. सनदेंत शिकार सांगितली नाहीं म्हणून ती राजानें स्वतःकडे राखून ठेवली, असें सिद्ध होत नाहीं. राखून ठेवावयाचें असेल तर तेंहि लिहावें लागे. सनद या बाबतींत कांहींच बोलत नाहीं एवढेंच खरें. आणि ती कां बोलत नाहीं याचें कारण सनदेच्या बाहेर शोधलें पाहिजे.

तें कारण आमच्या मतें असें आहे कीं, भूमीचें स्वामित्व आणि मृगाचें स्वामित्व हीं आपल्या शास्त्रांत मुळापासून निराळीं मानलीं होतीं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांतील चव्वेचाळिसाव्या श्लोकांत हीं दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवलीं आहेत. जो खुंट काढून रान साफ करतो त्याचें शेत, आणि ज्याचा बाण प्रथम लागला त्याचा मृग, असा तेथील आशय आहे. प्रसंग वेगळाच आहे. क्षेत्रज पुत्राच्या विवेचनांत हा दृष्टांत आला आहे. परंतु दृष्टांत सर्वमान्य गोष्टीचाच दिला जातो, म्हणून त्याचें मोल अधिक. शेताचें स्वामित्व श्रमानें येतें, मृगाचें बाणानें. मृग कोणाच्या शेतांत पडला याची तेथें विचारपूसच नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्रांतहि मृगांची व्यवस्था भूमीच्या मालकावर सोंपविलेली नाहीं. राजाच्या विहारासाठीं एकच द्वार असलेलें, खंदकानें वेढलेलें मृगवन असावें असें तेथें सांगितलें आहे. सूनाध्यक्षाच्या प्रकरणांत अभयवनांतील प्राण्यांस मारणारांस दंड सांगितला असून, अभय नसलेल्या प्राण्यांतून सहावा भाग राजानें घ्यावा, मासे व पक्षी यांतून दहावा अथवा त्याहून अधिक घ्यावा, असें विधान आहे. म्हणजे राखलेलें वन राजाचें, आणि बाहेरच्या शिकारींत राजाचा वांटा. शेतकऱ्याची परवानगी येथें आलेली नाहीं, आणि शेतकऱ्याचा वांटाहि आलेला नाहीं.

तुलनेसाठीं रोमन कायद्याकडे पाहणें उपयोगी आहे. कारण पुढें इंग्रजी अमदानींत आपल्याकडे जे विचार आले त्यांचें मूळ पुष्कळ अंशीं तेथें आहे. इ. स. ५३३ मध्यें सम्राट जस्टिनियन यानें प्रसिद्ध केलेल्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथांत वन्य प्राणी कोणाच्याहि मालकीचे नसून जो पकडील त्याचे होतात, असें म्हटलें आहे. तो प्राणी स्वतःच्या जमिनींत पकडला कीं दुसऱ्याच्या, यानें फरक पडत नाहीं. मात्र जमिनीच्या मालकाला येणाऱ्यास मज्जाव करतां येतो. जनावर मालकाचें नाहीं, पण वाट त्याची आहे, असा हा भेद आहे. जखमी जनावराविषयीं रोमन पंडितांत मतभेद होता. जस्टिनियननें, प्रत्यक्ष पकडल्यावांचून मालकी येत नाहीं, असा निर्णय दिला. मनूच्या दृष्टांतांत बाण लागणें पुरें होतें, येथें हातीं लागणें आवश्यक ठरलें. एवढें अंतर असूनहि मूळ गोष्टींत दोन्ही शास्त्रें एकच आहेत : जमिनीचा मालक हा केवळ तेवढ्यानें जनावराचा मालक होत नाहीं.

इंग्लंडांत ही गोष्ट वेगळ्या वळणानें गेली. नॉर्मन राजांनीं विस्तीर्ण प्रदेश राजवनें म्हणून राखले आणि त्यांत खासगी जमिनीहि आल्या. इ. स. १२१७ च्या वनसनदेनें, राजाचें हरिण मारल्याबद्दल कोणाचा प्राण अथवा अवयव घेऊं नये, असें ठरविलें. पुढें इ. स. १६७१ च्या कायद्यानें शिकारीचा अधिकार ठराविक उत्पन्नाच्या जमीनदारांपुरता राखला. वार्षिक शंभर पौंडांची मालकीची जमीन, किंवा दीडशें पौंडांचा दीर्घ मुदतीचा पट्टा, अशी कसोटी होती. याचा परिणाम असा झाला कीं, लहान शेतकरी स्वतःच्याच शेतांत ससा मारूं शकत नसे. तेथें जमिनीची मालकी होती, पण शिकारीची पात्रता नव्हती. इ. स. १८३१ च्या कायद्यानें ही उत्पन्नाची अट गेली. दाखला घेणारा कोणीहि शिकार करूं लागला, पण दुसऱ्याच्या जमिनींत शिकारीसाठीं विनापरवाना शिरणें हा दंडनीय अपराध ठरला. तरीहि कुळाची अडचण राहिली. कारण जमीनदार शिकारीचा हक्क पट्ट्यांत स्वतःकडे राखून ठेवी आणि सशांनीं पीक खाल्लें तरी कुळास हात बांधून बसावें लागे. इ. स. १८८० च्या कायद्यानें ससे व रानससे मारण्याचा अधिकार जमीन कसणारास दिला आणि तो करारानेंहि काढून घेतां येणार नाहीं असें केलें. फ्रान्समध्यें हीच कुरबूर राज्यक्रांतीच्या वेळीं पुढें आली आणि ४ ऑगस्ट १७८९ च्या प्रसिद्ध ठरावांत सरदारांचा शिकारीचा अनन्य अधिकार रद्द झाला.

मालकीच्या तिसऱ्या प्रश्नाचा निकाल इंग्लंडांत इ. स. १८६५ मध्यें लागला. चोरट्या शिकाऱ्यांनीं एका उमरावाच्या जमिनींत मारलेले ससे बाजारांतील व्यापाऱ्याकडे गेले. ते उमरावाच्या नोकरांनीं काढून घेतले. ब्लेड्स विरुद्ध हिग्ज या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यांत लॉर्डांच्या सभेनें असें ठरविलें कीं, दुसऱ्याच्या जमिनींत शिरून मारलेलें जनावर जमिनीच्या मालकाचें होतें. म्हणजे रोमन नियमापासून इंग्रजी कायदा येथें दूर गेला आणि जमिनीचें स्वामित्व मेलेल्या जनावरापर्यंत पोंचलें. आमच्या याद्या करणारे मित्र सनदेंतून जो अर्थ काढतात तो वस्तुतः या इंग्रजी विचाराच्या जवळचा आहे, मराठी सनदेच्या नव्हे.

हिंदुस्थानांत इंग्रजी अमदानींत हा विचार जसाच्या तसा आला नाहीं. इ. स. १८६० च्या दंडसंहितेंत चोरीची व्याख्या दुसऱ्याच्या ताब्यांतील जंगम वस्तूची होती; मोकळें हरिण कोणाच्याच ताब्यांत नसल्यानें तें मारणें ही चोरी होत नसे. अतिक्रमणाचा गुन्हा होण्यासाठीं अपराध करण्याचा किंवा ताबेदारास धाक, अपमान अथवा उपद्रव देण्याचा हेतु लागे. नुसतें शिवारांत पाऊल टाकणें पुरेसें नसे. ती संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन भारतीय न्यायसंहिता आली, तरी अतिक्रमणाच्या व्याख्येंतील हेतूची अट कायमच आहे. तेव्हां जमिनीच्या मालकाच्या हातीं मुख्यतः दिवाणी उपाय उरे, आणि त्याचें बळ ज्याच्यापाशीं वकील करण्याइतका पैसा त्याच्यापुरतें असे.

सरकारनें स्वतःच्या रानांपुरती मात्र चोख व्यवस्था केली. इ. स. १८७८ च्या व नंतर १९२७ च्या वन-कायद्यानें राखीव जंगलांत नियमांविरुद्ध शिकार करणें, मासे मारणें, पाण्यांत विष घालणें, फांस व सांपळे लावणें हे अपराध ठरले. इ. स. १९१२ च्या कायद्यानें कांहीं पशुपक्ष्यांस वर्षांतील ठराविक काळापुरतें संरक्षण मिळालें. सरकारी रान आणि खासगी शिवार यांतील भेद येथपासून स्पष्ट झाला.

खासगी परवानगीचें कायदेशीर रूप इ. स. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यांत सांपडतें. तो मुंबई इलाख्यास १८९१ मध्यें लागू झाला. शेजाऱ्याच्या शेतांत गुरें चारणें, तळ्यांतून पाणी अथवा मासे घेणें, रानांतून लांकूड आणणें हीं उदाहरणें त्या कायद्यांतच दिलीं आहेत. त्याच कायद्यांत परवानगीची व्याख्या आहे. सामान्यतः अशी परवानगी ज्याला दिली त्याच्यापुरतीच असते. ती त्याला दुसऱ्यास देतां येत नाहीं, आपल्या नोकराकडून अंमलांत आणवितां येत नाहीं, आणि कांहीं अपवाद सोडले तर देणारा ती केव्हांहि परत घेऊं शकतो. परवानगी आणि हक्क यांतील अंतर हेंच. हक्क जमिनीबरोबर चालतो, परवानगी माणसाबरोबर.

हें अंतर किती महत्त्वाचें आहे तें चिल्का सरोवरावरील मासेमारीच्या खटल्यांत दिसून आलें. परीकुदच्या राजाकडून कांहीं मंडळींनीं सरोवराच्या ठराविक भागांत मासे धरण्याचे तोंडी परवाने घेतले होते. जमीनदारी नष्ट होऊन इस्टेट ओरिसा सरकारकडे गेली तेव्हां सरकारनें ते मानले नाहींत. सर्वोच्च न्यायालयानें १९५५ मध्यें असा निर्णय दिला कीं, दुसऱ्याच्या पाण्यांतून मासे धरून नेण्याचा हक्क हा जमिनीपासून होणारा लाभ असून तो स्थावर मिळकतींत मोडतो. म्हणून शंभर रुपयांवरील किंमतीचा असेल तर तो लेखी व नोंदलेल्या दस्तैवजावांचून मिळत नाहीं. तोंडी शब्दावर विसंबणारांचे पैसे व आशा दोन्ही गेल्या. जुन्या परवानगीच्या चिठ्ठ्याचपाट्या कस्पटासमान मानून टाकून देणाऱ्या घराण्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. सनदेंतील तरु-तृण-काष्ठांत शिकार नाहीं, तर गांवकऱ्यास किंवा इनामदारास शिकाऱ्यापासून संरक्षण देणारे शब्द जुन्या कागदांत मुळींच नाहींत काय? आमच्या मतें आहेत. पण ते दुसऱ्याच ठिकाणीं आहेत. अमरावती जिल्ह्यांत सांपडलेला वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याचा चम्मक येथील ताम्रपट घ्या. पांचव्या शतकांतील या दानपत्रांत चर्माङ्क गांवास ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांत 'अभटच्छत्रप्रावेश्य' असें एक पद आहे. राजाच्या शिपायांनीं व सेवकांनीं गांवांत शिरूं नये असा त्याचा आशय आहे. 'अचारासनचर्माङ्गार' असें दुसरें पद आहे. फिरतीवरील अधिकाऱ्यांस चारा, आसनाचीं कातडीं व कोळसे पुरविण्यापासून ही सूट आहे. आणि 'सर्वविष्टिपरिहारपरिहृत' असें तिसरें पद आहे. विष्टि म्हणजे वेठ, तिच्या सर्व प्रकारांतून गांव मोकळा केला आहे.

राजपुरुषांची शिकार गांवकऱ्यांना जाचते ती कशानें? हरिण मेलें म्हणून नव्हे. जाच होतो तो लवाजमा शिवारांत शिरतो म्हणून, घोड्यांना वैरण व माणसांना शिधा द्यावा लागतो म्हणून, आणि ऐन सुगींत हांक्यासाठीं माणसें धरून नेतात म्हणून. त्या जाचाला आळा घालणारी पदें तीं हींच : प्रवेशाची मनाई, पुरवठ्याची माफी आणि वेठीची माफी. मराठी सनदांत वेठबेगार माफ केल्याचा मजकूर जेथें येतो, तेथें शिकारीच्या दृष्टीनें त्याचें मोल तरु-तृणांहून अधिक आहे. दाता जनावराविषयीं बोलत नाहीं, पण पायवाटेविषयीं व माणसांच्या श्रमाविषयीं बोलतो. आणि दुसऱ्याच्या भूमींतील शिकार या दोहोंवांचून होत नाहीं.

परवानगीचें तत्त्व मराठी राज्यनीतीस अपरिचित होतें असेंहि नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, इ. स. १७१५-१६ च्या सुमारच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लांकडाविषयीं जो प्रसिद्ध उपदेश आहे, त्याचा भावार्थ असा : आंबा, फणस यांसारखीं रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं झाडें तोडूं नयेत, एखादें झाड फारच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें, बळजोरी करूं नये. येथें मालकाची संमति, मोबदला आणि बळजोरीचा निषेध हे तिन्ही घटक स्पष्ट आहेत. हा नियम झाडांचा आहे, मृगांचा नव्हे. तो शिकारीला लावणें हें आमचें काम नाहीं. परंतु रयतेच्या शिवारांत जाऊन कांहीं घ्यावयाचें तर तिचा संतोष पाहावा, ही दृष्टि राज्यकर्त्यांपुढें होती, इतकें यावरून खास म्हणतां येतें.

ही दृष्टि जेथें सुटली तेथें काय होतें, याचें उदाहरण संस्थानी काळांतील आहे. अलवर संस्थानांत राजाच्या शिकारीसाठीं राखलेल्या रानांना रूंध म्हणत. त्यांतील रानडुकरें शेतांत शिरून पिकें उध्वस्त करीत आणि शेतकऱ्यास तीं मारण्याची बंदी होती. इ. स. १९२१ मध्यें तेथील शेतकऱ्यांनीं याविरुद्ध चळवळ केली. शेत शेतकऱ्याचें, पण शेतांत आलेलें जनावर राजाचें, अशी ही स्थिति. इंग्लंडांतील १८८० पूर्वींच्या कुळाचीच ही तक्रार होती.

दुसऱ्या टोंकास फासेपारध्यांसारख्या जमाती होत्या. फांस लावून तित्तिर, लावे व हरणें धरणें ही त्यांची पिढीजात वृत्ति. त्यांच्यापाशीं सनद नव्हती, जमीन नव्हती. शेतकऱ्याच्या तोंडच्या होकारावर त्यांचें चाले. असल्या होकाराची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नाहीं. मुंबई इलाख्यांत गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं त्यांच्यावर हजेरीचीं बंधनें आलीं. तो कायदा देशभर १९५२ मध्यें रद्द झाला, पण तोंपर्यंत रानावरचें सरकारी व खासगी कुंपणहि पक्कें झालें होतें.

स्वातंत्र्यानंतर तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें झपाट्यानें बदललीं. मुंबई राज्यांत १९५१ मध्यें वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. व्यक्तिगत इनामें १९५२ च्या कायद्यानें संपुष्टांत आणण्यांत आलीं. इ. स. १९७२ च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानें आरंभीं चार प्रकारचे परवाने ठेवले होते. १९९१ च्या दुरुस्तीनें ते काढून टाकले. महाराष्ट्रांतील खासगी वनें ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्याकडे आलीं. कायद्याविरुद्ध मारलेला वन्य प्राणी आतां राज्य सरकारची मिळकत ठरतो, मग तो कोणाच्याहि शेतांत पडलेला असो. उभ्या पिकास घातक ठरणाऱ्या कांहीं प्राण्यांविषयीं अधिकाऱ्याच्या लेखी आज्ञेनें अपवाद होतो. पण ती आज्ञा सरकारी अधिकाऱ्याची, जमिनीच्या धन्याची नव्हे. म्हणजे एके काळीं कोणाचें नसलेलें जनावर आज सर्वांच्या वतीनें राज्याचें झालें आहे, आणि धन्याची परवानगी त्यापुढें निरर्थक ठरली आहे.

या बदलांत एक गोष्ट लेखनाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोगी आहे. इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यानें अरण्यवासी लोकांचे गौण वनोपज, चराई, मासे व इतर परंपरागत हक्क मान्य केले. परंतु परंपरागत हक्कांच्या त्याच कलमांत शिकार करण्याचा व फांस लावण्याचा हक्क वगळल्याचें शब्दांनीं लिहिलें आहे. सनदांच्या लेखकांनीं जेथें मौन धरलें तेथें या कायद्याला बोलावें लागलें. कारण न बोलल्यास तो हक्क गृहीत धरला जाईल अशी भीति होती. जें द्यावयाचें नाहीं तेंहि लिहावें लागतें, हा धडा आमच्या विषयास उपकारक आहे.

शेवटीं संग्राहकांसाठीं कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही कीं, सनदेच्या यादींत तिच्यांतील शब्द जसेच्या तसे उतरावे. शिकारीचा हक्क असा शेरा शिकार, मृगया किंवा वनचर हा शब्द प्रत्यक्ष असेल तरच घालावा. दुसरी ही कीं, कुरणाचा कागद शिकारीचा समजूं नये. कुरण गवतासाठीं राखलेलें असतें आणि त्यावरील तंटा बहुधा चराईचा असतो. तिसरी ही कीं, रमणा या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शिकारीचें राखलेलें रान हा एक, आणि दक्षिणा वांटण्याचें आवार हा दुसरा. पुण्यास पर्वतीच्या रमण्याचा उल्लेख आला कीं तो दक्षिणेचा असण्याचा संभव मोठा. त्याच पर्वतीच्या पायथ्याशीं पेशव्यांचा शिकारखानाहि होता, म्हणून घोटाळा सहज होतो. आणि शिकारखाना म्हणजे जनावरें बाळगण्याचें खातें, शिकारीचें रान नव्हे. चौथी ही कीं, प्रवेश, शिधा, वैरण, हांका आणि वेठ हे शब्द जेथें येतात ते कागद बाजूस काढून ठेवावे. धन्याची परवानगी कोणी मागितली, कोणी दिली आणि कोणी न विचारतांच शिवारांत शिरला, याचा पुरावा मिळाला तर तेथेंच मिळेल.

अशा कागदांना थोर सनदांचें तेज नसतें. त्यांवर शिक्के नसतात आणि अक्षरहि बहुधा ओबडधोबड असतें. एखाद्या पाटलाची तक्रार, वैरणीचा हिशेब, माणसें दिल्याची नोंद एवढाच त्यांचा ऐवज. परंतु ज्याचें शेत तुडवलें गेलें त्याची बाजू सनदेंत कधींच येत नाहीं. ती आली तर या चिठोऱ्यांत येते. त्यांचें जतन व्हावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.